न खाल्लेल्या पावाबद्दल

ग्रंथपालांच्या शब्दकोशाच्या चौथ्या खंडात एक पत्र अकरा आठवडे उत्तराविना पडून होतं. दुसऱ्या कोणाचं असतं तर एवढे दिवस राहिलं नसतं. ग्रंथालयातल्या छत्तीस वर्षांत लोकांनी पुस्तकांत विसरलेली पत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या, एकदा तर दात तुटका कंगवा, हे सगळं त्यांनी पत्ता शोधून ज्याचं त्याला पोचवलं होतं. पण हे पत्र त्यांचं स्वतःचं होतं, आणि ते त्यांनी खोलीचं दार लोटून घेऊन स्वतःच्या हाताने चौथ्या खंडात घातलं होतं. घरात चौथा खंड कोणी उघडत नसे. तसे पहिले तीनही कोणी उघडत नसे, पण घाबरलेला माणूस फार चोख काम करतो.

पत्र पाववाल्या बाईंचं होतं. निळी शाई, सरळ ओळी, आणि पहिल्या पानाच्या अगदी तळाशी एक प्रश्न: ‘आपण आमचा पाव खाल्ला होता का?’

ग्रंथपालांनी पान उलटलंच नाही. असल्या प्रश्नानंतर माणसं काही बरं लिहीत नाहीत, अशी त्यांची खात्री होती.

खाल्ला नव्हता, हीच तर अडचण होती.

बाईंचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. मोठी काच, काचेवर ‘हाताने घडवलेला पाव’ अशी अक्षरं आणि आत काळ्या पाटीवर खडूने लिहिलेला भाव. सकाळी फिरायला जाताना समोरच्या पदपथावरून ग्रंथपालांनी तो भाव वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. एक शून्य चुकून जास्त पडलं असावं असं त्यांना वाटलं, आणि आत जाऊन चूक दाखवावी की नाही यावर त्यांनी सात दिवस विचार केला. आठव्या दिवशी एक गृहस्थ पाव छातीशी धरून बाहेर आले, नवं बाळ दवाखान्यातून घरी आणतात तसे. म्हणजे शून्य बरोबर होतं.

त्याच दुपारी त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. वाचकांच्या पत्रव्यवहारासाठी त्यांनी आयुष्यात दोनेकशे पत्रं लिहिली होती आणि एकही पेटीत टाकलं नव्हतं, कारण प्रत्येकात एखादं तरी वाक्य असं निघे की ज्याची त्यांना खात्री नसे. या पत्रातल्या प्रत्येक वाक्याची खात्री होती. खरं तर तिथेच संशय यायला हवा होता. ‘या किमतीत पूर्वी दोन कादंबऱ्या येत,’ त्यांनी लिहिलं, ‘आणि त्या दुसऱ्या दिवशी शिळ्या होत नसत.’ शिवाय ‘पाव चवीला जेमतेम’ असे तीन शब्द ओघात पडले. विचार करून लिहिलेल्या शब्दांनी माणूस सहसा बुडत नाही. बुडतो तो ओघात पडलेल्यांनी.

गुरुवारी पत्र छापून आलं.

“साहेब, पार सोलून काढलंत,” सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात म्हणाले. हे पंपांच्या कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ आणि नोटीस बोर्डाचे तहहयात संपादक. त्यांनी पत्राचं कात्रण पाण्याची टाकी धुण्याच्या सूचनेशेजारी चार टाचण्यांनी लावलं. “वर तिच्या नवऱ्याचा दातांचा दवाखाना आहे, माहीत आहे ना? खाली ती कडक पाव विकते, वर तो पडलेले दात बसवतो. गिऱ्हाईक घरातल्या घरात फिरतंय.”

ग्रंथपाल हसले. पुढचे चार दिवस ते कठड्याला हात न लावता जिना उतरत होते. पाचव्या दिवशी बाईंचं पत्र आलं, आणि हात पुन्हा कठड्यावर गेला.

एकेकाळी एका नामांकित समीक्षकाने पुस्तक परत केलं तेव्हा कडेला जोडून आलेली त्याची निम्मी पानं कापून मोकळी केलेलीच नव्हती, म्हणजे वाचलीच नव्हती, आणि अभिप्राय मात्र त्याच आठवड्यात छापून आला होता. ग्रंथपालांनी त्या माणसाला पुन्हा कधी खुर्ची दिली नाही. ही गोष्ट ते गेली वीस वर्षं पाहुण्यांना सांगत आले होते. पाहुणे आता ती त्यांच्या आधी संपवत. आणि आज बघावं तर आपणच त्या खुर्चीत.

उपाय सोपा होता. जायचं, पाव घ्यायचा, खायचा. पण दुकानाची काच इतकी मोठी होती की आत शिरणारा माणूस चारही बाजूंनी दिसे. लोक ओळखतील, बोटं दाखवतील. त्यांनी बायकोपाशी विषय काढला.

“अगं, तू जाता जाता एक पाव आणशील का? त्या तिथला.”

“कुठला? जेमतेम?” बायको म्हणाली. “मी नाही त्या दुकानात तोंड दाखवणार. तुम्ही लिहिलंत, तुम्ही आणा.”

“मी कसा आणू?”

“पायांनी.”

यावर त्यांनी जो मार्ग काढला तो फक्त पुस्तकांत आयुष्य काढलेल्या माणसालाच सुचू शकतो. एक पाव विकत घेण्याची लाज वाटते म्हणून त्यांनी पाव करायला शिकायचं ठरवलं. पाव घरी केला की त्याची किंमतही कळेल, चवही कळेल, आणि बाईंना लिहिताना शब्द कमी पडणार नाहीत. ग्रंथालयातून त्यांनी या विषयावरची तीन पुस्तकं आणली. तिन्हींत एकमत एकाच गोष्टीवर होतं: पहिलं पुस्तक वाचणाऱ्याने उरलेली दोन वाचू नयेत.

असल्या पावाला बाजारचं यीस्ट चालत नाही. पीठ आणि पाणी बरणीत कालवून ठेवायचं, रोज त्यातलं निम्मं फेकून तेवढंच नवं घालायचं, आणि आठ-दहा दिवसांत त्यात आपोआप जीव येतो. याला आंबवण म्हणायचं. ग्रंथपालांनी बरणीवर पुस्तकावर लावतात तसं कार्ड चिकटवलं: तारीख, वेळ, पिठाचं वजन, सही. बरणी ऊबेला हवी म्हणून ती पुस्तकांच्या कपाटात ठेवली, शब्दकोशाच्या खंडांवर.

“निम्मं फेकायचं?” बायको म्हणाली. “पीठ?”

“पुस्तकात तसंच आहे.”

“पुस्तक लिहिणाऱ्याला दळण आणावं लागत नसेल.”

फेकायचं पीठ तिने फेकू दिलं नाही. ते वाडग्यांत साठू लागलं. त्या वाडग्यांतही जीव आला. दुसऱ्या आठवड्यात घरात आंबवणाच्या पाच पिढ्या नांदत होत्या आणि चहा गाळायला भांडं उरलं नव्हतं.

समोरच्या काकूंनी दारातूनच नाक पुढे केलं. “भाऊजी, कोणी आजारी आहे का घरात?”

“नाही, पावाचं आहे.”

“मग ठीक. पण झाकण घट्ट लावा हो. असला वास मोकळा सोडू नये.”

सेक्रेटरींचं मत बरोबर उलटं. “झाकण? अजिबात नको. दाब धरेल. पंपात हवा अडली की काय होतं, मला विचारा.”

ग्रंथपालांचा स्वभाव असा की दोघांचंही मन राखावं. त्यांनी झाकण लावलं, पण अर्धवट. रविवारी दुपारी ते वाचत असताना कपाटात कोणीतरी घसा साफ केल्यासारखा आवाज झाला, आणि मग झाकण छताला लागून परत आलं. चार खंड बरणीच्या खाली होते. तीन पुसून निघाले. चौथ्याच्या पानांत आंबवण मुरलं, वाळलं, आणि तो खंड विटेसारखा एकसंध झाला. आत पत्र. ग्रंथपालांना खरं सांगायचं तर थोडं बरं वाटलं. आता उत्तर न देण्याला शास्त्रीय कारण होतं.

सोमवारी नोटीस बोर्डावर त्यांच्याच कात्रणाशेजारी सूचना लागली: ‘काही सदनिकांतून आंबट वास येत असल्याबद्दल. संबंधितांनी संबंधितांची दखल घ्यावी.’

पण हाती घेतलेलं काम टाकणं त्यांच्या रक्तात नव्हतं. उरलेल्या वाडग्यांतला एक वारस निवडून त्यांनी पीठ मळलं. भट्टीचा प्रश्न काकूंनी सोडवला. त्यांच्याकडे माळ्यावर जुना ओव्हन होता. “चांगला आहे, फक्त थोडा वीज खातो,” त्या म्हणाल्या. ओव्हन लावायच्या आधी सेक्रेटरींकडे अर्ज, दोन प्रतींत. अर्जात एक रकाना होता: वापर घरगुती की व्यावसायिक. ग्रंथपालांनी ‘शैक्षणिक’ लिहिलं. त्यावरून अर्ज परत आला. मग ‘घरगुती’ लिहिलं. तोही परत आला, खाडाखोड आहे म्हणून. तिसरा मंजूर झाला.

पुढे एका रविवारी ओव्हन लावला, दिवा लागला, पीठ आत गेलं, आणि पंचविसाव्या मिनिटाला अख्ख्या इमारतीची वीज गेली. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधून आवाज आला.

“कोणाचं काय चालू आहे?”

लिफ्टमध्ये सेक्रेटरी होते.

“पाव चालू आहे,” बायकोने जिन्यातून सांगितलं.

“अजून किती वेळ?”

“पुस्तकात पन्नास मिनिटं आहे,” ग्रंथपाल म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नसे, आणि खरं कधी बोलू नये हेही कळत नसे.

मिस्त्री येईपर्यंत पाऊण तास गेला. तेवढ्यात सेक्रेटरींनी लिफ्टच्या फटीतून काकूंना एक नवी सूचना शब्दशः लिहून घ्यायला लावली, आणि कात्रण बोर्डावरून काढायला सांगितलं. ग्रंथपालांना सूचनेचं काही वाटलं नाही. कात्रणाचं वाटलं.

वीज आली तेव्हा पाव तयार होता. त्याचा रंग जुन्या चामडी बांधणीचा होता. बायकोने सुरीच्या मुठीने ठोकून पाहिलं. दारावर थाप मारल्यासारखा आवाज आला. सवयीने ती म्हणाली, “कोण आहे?”

“आधी निवू द्यायचा असतो,” ग्रंथपाल म्हणाले.

“निवू दे की. पण सुरुवात कुठून करायची?”

त्यांनी एका कोपऱ्यापासून केली. जिद्द होती, अकरा आठवडे होते, पहिला घास होता. कट्ट असा आवाज झाला आणि वरच्या कवळीचे दोन तुकडे हातात आले.

गावात दातांचे दवाखाने बरेच असतील. पण रविवारी उघडा असलेला, पायी जाता येईल असा एकच होता, आणि त्याचा जिना पावाच्या दुकानातून वर जात होता.

तोंडावर रुमाल, खिशात पुडीत कवळी, असे ग्रंथपाल त्या काचेच्या दारातून आत शिरले. दुकानात सहा गिऱ्हाइकं होती. एकानेही मान वळवली नाही. कोणी पावाचे फोटो काढत होतं, कोणी कडा कापून देता का विचारत होतं, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजायचे तेच टाकून द्यायचं. गेले अकरा आठवडे ज्या लोकांच्या नजरेच्या धाकाने ते या गल्लीकडे फिरकले नव्हते त्या लोकांनी त्यांना वाट द्यायलाही जागा सोडली नाही. सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

वर डॉक्टरांनी तुकडे जुळवून बघितले. “नाव काय, आजोबा?”

ग्रंथपालांनी सांगितलं. दातांशिवाय ते नाव त्यांना स्वतःलाही कळलं नाही. डॉक्टरांनी कागदावर ‘आजोबा’ लिहिलं.

“काय चावलंत?”

“पाव.”

डॉक्टरांचा चेहरा पडला. “आमचा? खालचा?”

आता इथे नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. दुरुस्ती फुकट झाली असती, वर माफी मिळाली असती, आणि ‘जेमतेम’ला पुरावाही झाला असता. ग्रंथपालांनी जोरजोरात मान नकारार्थी हलवली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

“स्वतः केलात?” डॉक्टर म्हणाले. “धन्य आहे. दोन तास लागतील. खाली बसा.”

खाली बाई पीठ मळत होत्या. चाळिशी उलटलेली, हातांवर भाजल्याचे जुने-नवे चट्टे. त्यांनी ग्रंथपालांना पिठाच्या पोत्याजवळ स्टूल दिलं. “बोलू नका, आजोबा. यांनी सांगितलंय मला.” मग पावाच्या पोटातला मऊ भाग काढला, कोमट दुधात भिजवला आणि वाटी त्यांच्या हातात दिली.

ते खाऊ लागले. थोड्या वेळाने डॉक्टर जिन्यावरून अर्धे खाली आले.

“आलं का काही टपालात?”

“त्या माणसाचं? नाही.” बाईंनी पीठ आपटलं. “अकरा आठवडे झाले. दुसऱ्या पानावर सगळं समजावून लिहिलंय, की तुमचं पत्र परवान्याच्या कचेरीने तक्रार म्हणून नोंदवलंय. तक्रार आहे तोवर परवाना नवा होत नाही. पाव घेतला असेल तर चौकशी, घेतला नसेल तर फाईल बंद. आणि हे त्यांनीच लिहून द्यायचं. सोबत कार्डही जोडलं, तिकीट लावून, आपला पत्ता घालून.”

“घरी जाऊन भेटावं का?”

“हातोहात चालत नाही. हातोहात दिलेलं दबावाखाली दिलेलं धरतात, तसं परिपत्रक आहे. टपालाचा शिक्का हवा. शुक्रवारपर्यंत आलं तर आलं. नाहीतर एक तारखेला शटर खाली.”

“विद्वान असणार गं. विद्वान माणसाला एका शब्दाचं उत्तर देता येत नाही. प्रस्तावना लागते.”

“विद्वान कसला, घाबरट आहे.” बाईंनी पीठ उलटं केलं. “महाग म्हणाला त्याचं मला काही नाही. महाग आहेच. उद्या मी दुसऱ्याकडून घेणार असते तर मीही घेतला नसता. पण पहाटे साडेतीनला उठते मी, आणि हा म्हणतो जेमतेम. खाऊन म्हणाला असता तर मी भांडले तरी असते.”

ग्रंथपालांच्या हातात वाटी होती, आणि तोंडात दात नव्हते. बोलायला तोंड उघडलं तेव्हा बाई म्हणाल्या, “बोलू नका म्हटलं ना,” आणि वाटीत आणखी पाव घातला. इतकं सुरक्षित आणि इतकं ओशाळं त्यांना आयुष्यात वाटलं नव्हतं.

आणि पाव चांगला होता. हे सगळ्यांत वाईट. चव सांगायला त्यांना चार विशेषणं सुचली, चारही त्यांनी मनात खोडली. आंबट होता, पण रागावलेला आंबट नव्हे. त्यांच्या पाच वाडग्यांना ज्या चवीची नुसती कुणकुण लागली होती ती चव इथे होती. त्यांनी वाटी बोटाने पुसली, आणि वरच्या पाटीवरचा भाव पुन्हा एकदा वाचला. तो काही कमी झाला नव्हता.

कवळी बसवून घरी आले ते थेट कपाटापाशी. चौथा खंड स्वयंपाकघरात नेला. बायको कमरेवर हात ठेवून बघत राहिली. सुरीने पानं सुटी करता करता तीनशेव्या पानाशी पत्र निघालं, कडेला पिठाने कडक झालेलं. दुसरं पान होतं. कार्डही होतं.

“हे कधीचं?” बायकोने विचारलं.

“अकरा आठवड्यांचं.”

“आणि हे दुसरं पान आज वाचताय?”

“हो.”

“छत्तीस वर्षं तुम्ही लोकांना पुस्तकं देत होतात ना?”

ग्रंथपालांनी कार्ड पुसून उजेडात धरलं.

कार्डावर बाईंनी दोनच शब्द लिहिले होते, ‘होय’ आणि ‘नाही’, एक खोडायचा. ग्रंथपालांनी ‘होय’ खोडलं. एवढ्यावर थांबता आलं असतं. कचेरीचं काम झालं असतं, बाईंचं शटर वाचलं असतं. पण ‘नाही’ तसंच एकटं ठेवायला त्यांचं मन घेईना. आधी त्यांनी वहीत सात मसुदे केले. पहिल्यात ‘वस्तुतः’ चार वेळा आलं होतं. सातवा कार्डावर मावला:

‘पाव घेतला नव्हता. खाल्लाही नव्हता. चवीला जेमतेम हे शब्द मी न खाता लिहिले, ते खोटे आहेत. आज दुधात भिजवून खाल्ला, आपणच दिलात. उत्तम आहे. किंमत जास्त आहे.’

खाली पूर्ण नाव आणि सही.

बायकोने वाचलं. “शेवटचं वाक्य कशाला?”

“ते खरं आहे.”

“मग परवडत नाही तर पुन्हा खाणार नाही का?”

ग्रंथपालांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. मग सहीच्या खाली, जागा नव्हती तिथे, बारीक अक्षरांत त्यांनी लिहिलं: ‘दर शनिवारी एक ठेवावा. मी स्वतः येईन.’

सोमवारी सकाळी ते कार्ड घेऊन निघाले. जिन्यात सेक्रेटरी भेटले. लिफ्ट त्यांनी सध्या सोडली होती.

“काय साहेब, नवीन पत्र? आता कोणाला सोलताय?”

ग्रंथपालांनी कार्ड त्यांच्या हातात दिलं. सेक्रेटरींनी ते दोनदा वाचलं आणि आवाज खाली केला. “हे असं लेखी द्यायचं नसतं हो. फोन करून मोघम सांगायचं. कार्ड काय, पोस्टमनसुद्धा वाचतो.”

“वाचू दे,” ग्रंथपाल म्हणाले. म्हणताना आवाज जरा चिरकला, पण नव्या बसवलेल्या कवळीचं होतं असं कधीकधी. “नंतर हवं तर बोर्डावर लावायला नक्कल देतो.”

“टाचण्या संपल्यात,” सेक्रेटरी म्हणाले आणि वर गेले.

टपालपेटी कोपऱ्यावर होती. कार्ड फटीत घातलं तर ते अर्ध्यात अडकलं. पिठाची कडा फुगली होती. आजूबाजूला कोणी नव्हतं. ओढून परत घेता आलं असतं, थोडं साफ करून, एखादं वाक्य सुधारून. ‘खोटे’ हा शब्द जरा कडक पडला होता. ‘अनवधानाने’ कसं वाटलं असतं? ग्रंथपालांनी डोळे मिटले आणि अंगठ्याने कार्ड आत ढकललं. ते पडलं.

पेटीवर लिहिलं होतं, पुढचं टपाल साडेअकराला निघेल. आत्ता दहा वाजून पाच झाले होते. स्वतःचा भरवसा नसल्यामुळे ते पेटीपासून दहा पावलं दूर, समोरच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले, आणि पोस्टमनने पेटी उघडून सगळं पोत्यात ओतून पोत्याचं तोंड बांधेपर्यंत तिथून हलले नाहीत.